वेठीपासून मजुरीच्या दरापर्यंत : गोदावरी परुळेकर आणि ठाणे जिल्ह्यातील वारली शेतमजुरांची संघटना

१९४५ ते १९४७ या काळात ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव व डहाणू तालुक्यांत वारली कुळांची आणि शेतमजुरांची जी चळवळ झाली, तिच्या इतिहासाची छापील साधने मुख्यतः तीन आहेत. पहिले साधन सरकारी आहे. डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने मुंबई प्रांताच्या अंशतः वगळलेल्या प्रदेशांतील आदिवासींविषयी लिहिलेला हा अहवाल १९३९ साली प्रसिद्ध झाला. दुसरे म्हणजे शामराव परुळेकर यांनी १९४७ साली इंग्रजीत लिहिलेली ‘रिव्होल्ट ऑफ द वारलीज’ ही पुस्तिका. तिसरे व सर्वांत विस्तृत साधन गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक होय. ते १९७० साली प्रसिद्ध झाले आणि १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पहिल्या साधनाचा लेखक चळवळीच्या आधीचा व तिऱ्हाईत आहे. दुसऱ्याचा लेखक लढ्याच्या ऐन धामधुमीतला आहे. तिसरीचे लेखन घटनांनंतर सुमारे पाव शतकाने झाले आहे. तिन्ही साधने एकमेकांशेजारी ठेवून वाचली असता एक गोष्ट लक्षात येते. या चळवळीविषयी सामान्यतः जे लिहिले जाते ते वेठीच्या उच्छेदापाशी व तलवाड्याच्या गोळीबारापाशी थांबते. परंतु वेठ नाकारल्यावर मजुरीचा दर ठरविण्याचा जो दुसरा टप्पा आला, त्यातच गोदावरीबाईंच्या संघटनाकार्याचे वैशिष्ट्य अधिक स्पष्टपणे प्रकट होते.

गोदावरीबाईंचा जन्म १४ ऑगस्ट १९०७ रोजी पुण्यात एका नामवंत वकिलाच्या घरी झाला. माहेरचे आडनाव गोखले. फर्ग्युसन महाविद्यालयातील शिक्षणानंतर त्यांनी कायद्याची पदवी घेतली. ती मिळविणाऱ्या महाराष्ट्रातील त्या पहिल्या स्त्री असे सांगितले जाते. सविनय कायदेभंगाच्या चळवळीत १९३२ साली त्यांना कारावास घडला. घरातील वळण नेमस्त राजकारणाचे असल्यामुळे या गोष्टीचे स्वागत झाले नाही, आणि त्या मुंबईस गेल्या. तेथे सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीने त्यांना आजीव सदस्य करून घेतले. संस्थेच्या इतिहासात हा मान प्रथमच एका स्त्रीला मिळत होता. १९३७-३८ मध्ये मुंबईत प्रौढ साक्षरतेच्या मोहिमेत त्यांनी काम केले आणि त्याच सुमारास घरकामगारांची संघटना बांधण्याचा प्रयत्न केला.

चरित्रकार हा शेवटचा प्रयत्न बहुधा एका ओळीत उरकतात. पुढील कार्याच्या दृष्टीने मात्र तो उपेक्षणीय नाही. गिरणीतील कामगाराचे तास, पगार आणि हजेरी निदान कागदावर तरी असतात. मालकाच्या घरात राबणाऱ्या गड्याचे वा मोलकरणीचे काम कोठे सुरू होते आणि कोठे संपते हे कोणीच लिहून ठेवत नाही. अन्न, जुने कपडे, अडीनडीला उसनवारी आणि ‘घरच्यासारखे वागविणे’ या सर्वांत मजुरी विरघळून जाते. वारली मुलुखात गोदावरीबाईंना पुढे जे आढळले, त्याची प्रकृती याहून फार वेगळी नव्हती. त्यात बळाचा उघड वापर मात्र भयंकर होता. या दोन अनुभवांचा संबंध त्यांनी स्वतः जोडला असो वा नसो, कामाला आकडा लावण्याचा त्यांचा आग्रह मुंबईतच तयार झाला असावा, असे अनुमान करण्यास जागा आहे.

१९३९ साली शामराव परुळेकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. शामराव हे डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे १९३७ साली मुंबई विधानसभेवर निवडून आले होते, आणि जानेवारी १९३८ मध्ये खोती नष्ट करण्यासाठी कोकणातील शेतकऱ्यांचा जो मोर्चा मुंबईस निघाला त्याच्या पुढाऱ्यांत ते होते. दोघेही कम्युनिस्ट पक्षात गेले. युद्धविरोधी प्रचाराबद्दल १९४० ते १९४२ दोघांनाही तुरुंगवास झाला. सुटल्यावर त्यांनी किसान सभेचे काम हाती घेतले, आणि ७ जानेवारी १९४५ रोजी कल्याण तालुक्यात टिटवाळा येथे महाराष्ट्र किसान सभेचे पहिले अधिवेशन भरले.

या अधिवेशनाच्या प्रचारानिमित्त गोदावरीबाई उंबरगाव तालुक्यात हिंडल्या होत्या. टिटवाळ्यास त्या भागातून थोडे वारली आले. त्यांत माह्या धांगडा हा होता. त्याने आपल्या मुलुखातील वेठीची हकिकत सभेपुढे मांडली, आणि ‘आमच्याकडे या’ असे निमंत्रण प्रत्यक्ष वारल्यांकडून मिळाले. नेते वारल्यांकडे गेले हे जितके खरे, तितकेच वारली नेत्यांकडे आले हेही खरे आहे. गोदावरीबाईंच्या पुस्तकातील वर्णन दुसऱ्या गोष्टीलाच अधिक महत्त्व देते.

वेठ म्हणजे नेमके काय, हे सिमिंग्टनच्या अहवालावरून समजते. जंगलपट्टीतील कुळाने जमीनदाराच्या शेतावर, त्याला हव्या तितक्या दिवसांसाठी, बोलावणे येताच कामास जावयाचे. न गेल्यास किंवा उशीर केल्यास मारहाण ठरलेली. मोबदला फार तर दिवसाला एक आणा. पुष्कळदा त्याऐवजी एका माणसाच्या एका वेळेला जेमतेम पुरेल इतका तांदूळ. कुळाची स्वतःची लावणी त्यामुळे मागे पडे, पीक कमी येई, पावसाळ्यात खावटी काढावी लागे, आणि खावटी सुगीत दामदुपटीच्या वाटेने परत जाई. याहून हलाखीची स्थिती लग्नगड्याची. लग्नाच्या खर्चासाठी मालकाकडून थोडे पैसे घ्यावयाचे व त्यांच्या फेडीसाठी नवरा-बायकोने त्याच्याकडे राबावयाचे, असा हा करार असे. कागदोपत्री तो काही वर्षांचा असला तरी प्रत्यक्षात जन्माचा होई, आणि लग्नगड्याच्या बायकोवरही आपला हक्क आहे असे मालक समजत. हे सर्व सरकारनियुक्त अधिकाऱ्याने सरकारी अहवालात नमूद केलेले आहे.

तेव्हा राज्यकर्त्यांना माहिती नव्हती असे म्हणण्यास आधार नाही. कायदा नव्हता असेही म्हणता येत नाही. एखाद्यास त्याच्या इच्छेविरुद्ध बेकायदा काम करावयास लावणे हा भारतीय दंडसंहितेच्या ३७४ व्या कलमाप्रमाणे १८६२ पासून गुन्हा होता. बिहार-ओरिसात कामिया पद्धतीवर नियंत्रण घालणारा कायदा १९२० मध्येच झाला होता. गोदावरीबाई कायद्याच्या पदवीधर होत्या. अर्जविनंत्यांचा आणि खटल्यांचा मार्ग त्यांना सुचला नसेल असे मानणे कठीण आहे. परंतु फिर्याद द्यावयाची तर ती ज्या पोलीस पाटलाकडे द्यावयाची, तो जमीनदाराच्या ओसरीवर बसणारा. आणि साक्षीदार उद्या त्याच जमीनदाराच्या शेतावर नांगर धरणार. कलम छापील राहिले ते यामुळे.

२३ मे १९४५ रोजी झरी येथे वारल्यांची परिषद भरली. पाच हजारांवर माणसे आली होती. तेथे जे ठरले ते थोडक्यात असे : वेठीवर कोणी जावयाचे नाही, जमीनदाराच्या खाजगी जमिनीवर बारा आणे रोज रोख मिळाल्याखेरीज काम करावयाचे नाही, कोणी अंगावर आल्यास प्रतिकार करावयाचा, आणि सर्वांनी एकजुटीने राहावयाचे. निर्णयाच्या दिवसाकडे लक्ष दिले पाहिजे. मे महिन्याच्या अखेरीस ठाणे जिल्ह्यात राबाची कामे आटोपलेली असतात, पाऊस दोन-तीन आठवड्यांवर आलेला असतो, आणि पेरणी व त्यामागून भाताची लावणी यांसाठी प्रत्येक जमीनदाराला हात हवे असतात. लावणी आठवडाभर लांबली तर वर्षाचे पीक जाते. वेठ नाकारण्यास याहून सोयीचा मुहूर्त वर्षात दुसरा नव्हता. बारा आणे ही रक्कम सिमिंग्टनने नोंदलेल्या एका आण्याच्या बारापट होती. म्हणजे वाढ मागितली जात होती असे म्हणणे अपुरे ठरेल. जुना हिशेबच रद्द करून नवा मांडला जात होता.

परिषदेनंतरच्या दोन-तीन आठवड्यांत वेठ मोडली आणि लग्नगडी मालकांची घरे सोडून बाहेर पडले. या काळाविषयी दोन्ही परुळेकरांचे लेखन एका मुद्द्यावर जुळते. लाल बावटा घेतलेले वारल्यांचे जथे एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर स्वतःच गेले. जेथे कोणी नेता पोहोचला नव्हता तेथेही निरोप पोहोचला व अमलात आला. नेत्याने स्वतःच्या कर्तृत्वाविषयी लिहावयाचे आणि सर्वांत निर्णायक आठवड्यांत आपण हजर नव्हतो असे सांगावयाचे, हे चळवळींच्या स्मृतिलेखनात विरळा आढळते. त्यामुळे निवेदनाच्या या भागावर विश्वास ठेवणे सोपे जाते. पाव शतकानंतर लिहिलेल्या संवादांविषयी इतकी खात्री बाळगता येणार नाही.

गोदावरीबाईंचे स्वतःचे काम या अवधीत काय होते? त्या पाड्यापाड्यांतून पायी हिंडत, वारल्यांच्या झोपडीत राहत, जे मिळेल ते खात आणि त्यांची बोली समजून घेत. वारली त्यांना गोदूताई म्हणत. पुणेरी ब्राह्मण घरातील पदवीधर स्त्रीने हे करणे नवलाचे वाटून पुष्कळांनी त्यावरच भर दिला आहे. खरे महत्त्व बैठकींच्या रीतीला आहे. तक्रार ऐकावयाची, ती कोणत्या कामाची, किती दिवसांची, काय मिळाले, काय ठरले होते, हे प्रश्न विचारावयाचे, आणि शेवटी सर्वांना पाठ राहील अशी एकच मागणी बांधावयाची. निरक्षर समाजात ठराव कागदावर राहून उपयोगाचा नसतो. तो तोंडात राहावा लागतो. ‘बारा आणे’ हा तसा ठराव होता.

पावसाळा संपताच प्रश्नाचे स्वरूप पालटले. उंबरगाव-डहाणू भागात जमीनदारांचे मोठे उत्पन्न भातापेक्षाही गवताचे व जंगलाचे होते. डोंगरउतारावरील गवत कापून त्याच्या गासड्या बांधीत, आणि त्या रेल्वेने मुंबईच्या तबेल्यांकडे रवाना होत. जंगलतोड व कोळसा हा दुसरा धंदा. युद्धकाळात मुंबईची मागणी वाढलेली असल्याने दोन्हींत नफा होता. गवताची कापणी मात्र थोड्याच आठवड्यांत उरकावी लागते. कार्तिक उलटला की गवत वाळून झडते व त्याची किंमत राहत नाही. येथे मजुरी रोजावर मोजणे सोयीचे नव्हते, कारण काम उक्ते चाले. म्हणून वजनावर दर मागण्यात आला : ५०० पौंड गवताला अडीच रुपये. भातशेतीत ‘रोज’ हे माप. गवतात ‘वजन’ हे माप. मागणीची भाषा कामाच्या स्वरूपाप्रमाणे बदलली, हा तपशील लहान दिसला तरी संघटना किती परिपक्व होत होती याचे ते गमक आहे. रोजात मालक दिवस लांबवू शकतो. वजनात तो काटा मारू शकतो. दर मान्य करून घेणाऱ्याला काट्यावरही नजर ठेवावी लागते.

याच गवताच्या हंगामात, १० ऑक्टोबर १९४५ च्या रात्री, तलवाड्याचा प्रसंग घडला. किसान सभेच्या वृत्तांताप्रमाणे, गोदूताईंची सभा आहे व त्यांच्या जिवाला धोका आहे अशी बातमी जमीनदारांच्या माणसांनी हेतुपुरस्सर पसरविली आणि त्याच वेळी वारली दंगा करण्यास जमत असल्याचे अधिकाऱ्यांना कळविले. हजारो वारली हातात काठ्या-कोयते घेऊन तलवाड्यास लोटले. गोदावरीबाई तेथे नव्हत्याच. पोलिसांनी जमावावर एकदा नव्हे तर पुनःपुन्हा गोळीबार केला. तरी आपण गोदूताईंच्या रक्षणासाठी आलो आहोत या समजुतीने लोक लवकर हटले नाहीत. पाच वारली ठार झाले. त्यांत जेठ्या गांगड होता. जखमींची संख्या मोठी होती. अफवेच्या उगमाविषयीचा हा वृत्तांत एका पक्षाचा आहे हे ध्यानात ठेवले पाहिजे. पण जमलेल्या लोकांनी आसपासच्या जमीनदारांच्या वाड्यांवर हल्ला केला नाही, ही गोष्ट दंग्याच्या कल्पनेशी विसंगत आहे.

गोळीबाराचा एक परिणाम इतिहासलेखनावरही झाला. हौतात्म्याच्या प्रकाशात दराचा प्रश्न झाकोळून गेला, आणि नंतरच्या लेखकांनी १९४५ चे वर्ष जितक्या तपशिलाने रंगविले तितक्या तपशिलाने १९४६ रंगविले नाही. वस्तुतः कसोटीचे वर्ष १९४६ हेच होते. वेठ एकदा नाकारता येते. त्याला संताप पुरतो. दर मात्र दरवर्षी, प्रत्येक हंगामात, नव्याने टिकवावा लागतो. त्या वर्षी ऑक्टोबरात गवताच्या अडीच रुपयांच्या दरासाठी आणि जंगलकामावर किमान सव्वा रुपया रोजासाठी संप झाला. उपाशी राहण्याची पाळी आली तरी मजूर महिन्यावर कामास गेले नाहीत. उभे गवत वाळू लागले. लाकडाच्या ठेकेदारांना मुदतीत माल काढावयाचा असल्याने त्यांचा धीर आधी सुटला व त्यांनी सव्वा रुपया मान्य केला. व्यापारी ठेकेदार नमला आणि जमीनदार अडून राहिला, यात नवल नाही. ठेकेदाराचा व्यवहार नफातोट्याचा होता. जमीनदाराच्या दृष्टीने प्रश्न अडीच रुपयांचा नव्हता, काल उंबऱ्याबाहेर उभा राहणारा माणूस आज भाव सांगतो याचा होता.

सरकारची भूमिका या वेळी विशेष अभ्यसनीय आहे. १९४६ साली प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले. मुख्यमंत्री बाळ गंगाधर खेर व गृहमंत्री मोरारजी देसाई होते. खेर यांनी स्वतः ठाणे जिल्ह्यातील आदिवासींच्या शिक्षणासाठी व उन्नतीसाठी आदिवासी सेवा मंडळ स्थापन केले होते, आणि त्यांची कळकळ संशयातीत होती. तरीही त्यांच्याच कारकीर्दीत परुळेकर दांपत्यावर जिल्ह्यातून हद्दपारीचे हुकूम निघाले, आणि जानेवारी १९४७ मध्ये नानिवली येथे पुन्हा गोळीबार होऊन वारली मृत्युमुखी पडले. याला केवळ पक्षद्वेष हे कारण देणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. सेवेच्या कल्पनेत आदिवासी हा उपकाराचा विषय असतो. शाळा, औषध, सूत यांची योजना त्याच्यासाठी दुसऱ्याने करावयाची असते. जो मजूर स्वतः दर सांगतो व न मिळाल्यास गवत वाळू देतो, त्याला त्या कल्पनेत जागा नाही. दुसऱ्या बाजूने हेही नमूद केले पाहिजे की, किसान सभेच्या लेखनात सेवाकार्याची संभावना जितक्या तुच्छतेने केलेली आढळते तितकी ते कार्य खासच तुच्छ नव्हते. बोर्डी-कोसबाडच्या शाळांतून पुढे आदिवासींची शिकलेली पहिली पिढी तयार झाली.

हद्दपारीत असूनही संप चालला, यावरून संघटनेची मुळे नेत्यांवाचून टिकण्याइतकी खोल गेली होती असे अनुमान निघते. पुढील वर्षांत गोदावरीबाईंच्या वाट्याला भूमिगत जीवन व तुरुंगवास वारंवार आला. १९५४ साली दादरा-नगरहवेलीच्या मुक्तिलढ्यात त्यांनी व शामरावांनी सीमेवरील वारल्यांसह भाग घेतला. १९५७ च्या निवडणुकीत ठाण्यातून शामराव लोकसभेवर गेले. द्वैभाषिकाच्या विभाजनात, १ मे १९६० रोजी, उंबरगाव तालुका दुभंगला : उंबरगाव गुजरातेत गेले, तळासरीचा भाग महाराष्ट्रात राहिला, आणि एकाच परिषदेत शपथ घेतलेली गावे दोन राज्यांत विभागली गेली. ३ ऑगस्ट १९६५ रोजी शामराव मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात स्थानबद्ध असताना वारले. गोदावरीबाई त्यानंतर तीन दशके कार्यरत राहिल्या; १९८६ साली अखिल भारतीय किसान सभेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, आणि ८ ऑक्टोबर १९९६ रोजी त्यांचे निधन झाले.

दराच्या लढ्याला एक मर्यादा होती, ती सांगितली पाहिजे. १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या ‘कृषकदिना’ने कुळाला जमिनीचा मालक होण्याची वाट मोकळी केली. परंतु जो लग्नगडी होता, तो कूळ नव्हता. त्याचे नाव कोणत्याही उताऱ्यावर नव्हते. १९४५ साली तो मालकाच्या घरातून सुटला तो मजूर म्हणून सुटला, आणि कायदा आला तेव्हाही मजूरच होता. कर्जबाजारी वेठबिगारीचे उच्चाटन करणारा कायदा सर्व देशासाठी १९७६ मध्ये झाला. झरीच्या परिषदेनंतर तोपर्यंत एकतीस वर्षे लोटली होती.

या मर्यादेचे स्वरूप शेजारच्या पारडी तालुक्याकडे पाहिले असता उघड होते. तेथे १ सप्टेंबर १९५३ रोजी समाजवादी पक्षाच्या ईश्वरभाई देसाई प्रभृतींनी आदिवासी शेतमजुरांचा सत्याग्रह सुरू केला. उंबरगावच्या मजुराने गवत कापण्याचा दर मागितला होता. पारडीच्या मजुराने या जमिनीवर गवतच का, धान्य का नाही, असा प्रश्न केला. तो लढा १९६७ पर्यंत चालला आणि गवताळ जमिनीचा काही भाग आदिवासींना लागवडीसाठी मिळाला. दोन्ही चळवळींचे नेते परस्परविरोधी पक्षांचे असल्यामुळे त्यांचा एकत्र विचार क्वचितच झाला आहे. परंतु दोन्ही तालुक्यांचे डोंगर एकच, गवत एकच, गासड्या जाण्याचा लोहमार्गही एकच. उंबरगावात १९४६ साली गवताला माणसाच्या श्रमाचा भाव प्रथम लागला नसता, तर ते गवत नेमके कोणाच्या पोटावर उगवते हा प्रश्न सात वर्षांनी पारडीत इतक्या नेटाने विचारला गेला असता की नाही, याचा विचार या प्रदेशाच्या अभ्यासकाने अवश्य करावा.